गोठलेल्या तळ्यावरील विमानें

आपल्या इकडील ज्या सेवानिवृत्त मंडळींचीं मुलें अमेरिकेंत स्थायिक झालीं आहेत, त्यांचा एक ठरीव परिपाठ आहे. तिकडे जावयाचें तें वैशाखांत निघून, आणि परतावयाचें तें दिवाळीच्या आंत. हिंवाळ्याचें नांव काढलें कीं, "छे हो, त्या थंडींत कोण जातो? चार भिंतींत कोंडून घेऊन बसावें लागतें," हें उत्तर ठरलेलें. ज्यांनीं तो हिंवाळा कधीं पाहिला नाहीं तेही हेंच उत्तर देतात. आणि ज्यांनीं पाहिला त्यांपैकीं पुष्कळांनीं तो खिडकीच्या कांचेआडूनच पाहिलेला असतो. आम्हांस मात्र कन्येच्या बाळंतपणानिमित्त २०२५ सालच्या आरंभींचे तीन महिने मिनेसोटा राज्यांत काढण्याचा योग आला. त्या मुक्कामांत जें पाहिलें त्यावरून वरील समजूत एकांगी आहे, असें आमचें मत झालें. तें कसें झालें हें वाचकांस निवेदन करावें, एवढाच या लेखाचा हेतु.

प्रथम एका शब्दाचा खुलासा केला पाहिजे. मराठींत 'बर्फ' हा एकच शब्द. आकाशांतून भुरभुरत पडतो तोही बर्फ, आणि उसाच्या रसाच्या पेल्यांत तरंगतो तोही बर्फ. हा शब्दही फारसींतून आलेला. महाराष्ट्रांत या दोन पदार्थांत भेद करण्याचें प्रयोजनच कधीं पडलें नाहीं. संस्कृतांत हिम, तुहिन, तुषार, प्रालेय असे अनेक शब्द आहेत, कारण त्या भाषेच्या कवींच्या उत्तरेस साक्षात् हिमालय उभा होता. या लेखापुरतें आकाशांतून पडणाऱ्या भुसभुशीत पदार्थास आम्ही हिम म्हणूं, आणि पाणी गोठून झालेल्या कठीण थरास बर्फ म्हणूं. हा भेद केवळ शब्दपांडित्याचा नव्हे. ज्या खेळाचें वर्णन पुढें करावयाचें आहे, त्यांत विमान सुखरूप उतरणें या भेदावर अवलंबून असतें.

मिनिआपोलिस हें शहर ४५ अंश उत्तर अक्षांशावर, म्हणजे विषुववृत्त आणि उत्तर ध्रुव यांच्या मध्यावर वसलेलें आहे. पुणें साडेअठरा अंशांवर आहे, हें लक्षांत घेतलें म्हणजे थंडीचा थोडाबहुत अंदाज येईल. हवा सौम्य करील असा समुद्र जवळ नाहीं, आणि कॅनडाच्या मैदानांवरून येणाऱ्या वाऱ्यास आडवा येईल असा पर्वतही नाहीं. तेथील मोटारींच्या पाट्यांवर 'दहा हजार तळीं' अशा अर्थाचीं अक्षरें असतात. प्रत्यक्षांत दहा एकर व त्याहून मोठीं अशीं ११,८४२ तळीं त्या राज्यांत मोजलेलीं आहेत. हिंवाळा लागला कीं तीं गोठतात, आणि बहुतेक तळीं वसंताच्या आरंभापर्यंत तशींच राहतात. पाणी ४ अंश सेल्सिअसवर सर्वांत जड असतें. त्याहून थंड झालेलें पाणी वर राहतें आणि तेथेंच गोठतें. म्हणून बर्फ हा तळ्याचें झांकण होतो, आणि खालीं मासे जिवंत राहतात. हा धडा आपल्या शाळांतून मुलें पाठ करतात; येथें तो पायाखालीं असतो.

या झांकणावर हिंवाळाभर एक वसाहतच उठते म्हटलें तरी चालेल. मासे धरणारे लोक लहान लहान खोपट्या ओढून आणून बर्फावर मांडतात, आंत शेगडी पेटवितात, आणि बर्फास पाडलेल्या भोंकांत गळ सोडून दिवसभर बसतात. मोटारीही वर येतात. सरकारी खात्याचा सांगावा असा कीं, नवीन व स्वच्छ बर्फ ४ इंच जाड असल्यावांचून त्यावर पाऊल टाकूं नये, आणि लहान मोटारीस ९ ते १० इंच पाहिजेत. हिम मिसळून झालेला पांढुरका बर्फ असेल तर हे आंकडे दुप्पट धरावे. आणि एवढें सांगूनही, कोणताच बर्फ सर्वस्वी निर्धोक नव्हे, अशी पुस्ती ते जोडतात.

अशाच एका तळ्यावर, शहराच्या पश्चिमेस सुमारें तासाभराच्या वाटेवर, फेब्रुवारींतील एका रविवारीं आम्ही जांवई व थोरला नातू यांच्याबरोबर गेलों. जांवयांच्या कचेरींतून निवृत्त झालेले एक वृद्ध गृहस्थ एका विमानमंडळाचे सभासद आहेत. त्यांचें निमंत्रण होतें. हें विमानमंडळ खऱ्या विमानांचें नव्हे. हातभर, दोन हात पंखांचीं विमानें स्वतः बांधून, जमिनीवर उभें राहून बिनतारी संदेशानें उडविणाऱ्या हौशी लोकांचें तें मंडळ. अशीं मंडळें अमेरिकेंत गांवोगांव आहेत. त्यांची मध्यवर्ती संस्था 'अकॅडमी ऑफ मॉडेल एरोनॉटिक्स' ही १९३६ सालीं निघाली, आणि तिचें ठाणें हल्लीं इंडियाना राज्यांत मन्सी या गांवीं आहे. नववर्षाच्या पहिल्या दिवशीं, थंडी कितीही असो, मैदानावर जाऊन एकदां तरी विमान उडवावयाचें, असा यांतील कित्येक मंडळांचा रिवाज आहे. हिम पुरेसें पडलें म्हणजे चाकें काढून विमानांस स्की लावावयाच्या आणि हिमावरूनच उडावयाचें, हा त्या रिवाजाचाच पुढचा भाग.

सकाळीं दहा वाजतां तापमान शून्याखालीं १२ अंश होतें. आम्हीं अंगावर चार थर चढविले होते, आणि त्यांवर आमच्या कुटुंबानें पुण्याहून आणलेली माकडटोपी घालून दिली होती. तळ्यावरील दोघांतिघांनीं ही टोपी कोठें मिळते अशी आस्थेनें चौकशी केली, हें येथें नमूद करणें अवश्य आहे.

तळें म्हणजे दिसावयास एक विस्तीर्ण पांढरें पटांगण. मध्यभागीं, हिमावर चालणाऱ्या एका गाडीनें हिम दाबून सुमारें तीनशें फूट लांबीची पट्टी केली होती. पट्टीच्या दोन्ही कडांस सूचिपर्णी झाडांच्या हिरव्या डहाळ्या खोंचून ठेविल्या होत्या. त्या शोभेकरितां असाव्या असें प्रथमदर्शनीं वाटलें; परंतु त्यांचें काम निराळें होतें, तें पुढें येईल. एक गृहस्थ मोठ्या गिरमिटानें बर्फास भोंक पाडून मापपट्टी घालीत होते. १८ इंच भरले. तरी त्यांनीं मोटारी एकमेकींपासून दूर उभ्या करावयास लावल्या. इतक्यांत पायाखालून मेघगर्जनेसारखा एक लांबट ध्वनि निघाला आणि तळ्याच्या पलीकडच्या टोंकापर्यंत गेला. आम्हीं जांवयांचा हात घट्ट धरला. ते म्हणाले, "नाना, घाबरूं नका. थंडी कमी-जास्त झाली कीं बर्फ आंखडतो, पसरतो, त्याचा हा आवाज. त्यानें तो मोडला असें होत नाहीं." तो दिवसभर मधून मधून बोलत होता, दुपारपर्यंत आम्हांस त्याची संवय झाली.

या खेळाची वंशावळ कांहीं लहान नाहीं. १८७१ सालीं आल्फोंस पेनो या तरुण फ्रेंच माणसानें पॅरिसच्या त्युइलरी बागेंत रबराच्या पिळावर चालणारें एक हलकें विमान ११ सेकंद उडवून दाखविलें. राइट बंधूंचें विमान त्या वेळीं अजून ३२ वर्षें दूर होतें. १८९८ सालीं निकोला टेस्ला यानें न्यूयॉर्क येथें पाण्याच्या हौदांत एक लहान नाव बिनतारी संदेशानें फिरविली. या दोन कल्पना एकत्र यावयास पुढें जवळजवळ चाळीस वर्षें लागलीं. १९३७ सालीं मिशिगन राज्यांतील कॅलामाझू येथील वॉल्टर व विल्यम गुड या जुळ्या भावांनीं 'गफ' नांवाचें विमान जमिनीवरून बिनतारी संदेशानें चालविलें. तें आतां स्मिथसोनियन संग्रहालयाच्या संग्रहीं आहे. त्यानंतर पुष्कळ वर्षें एक अडचण होती. दोघांच्या लहरींचा आंकडा एकच असला कीं एकाच्या संदेशानें दुसऱ्याचें विमान कोसळे. म्हणून मैदानावर एक फळी टांगलेली असे, आणि तीवर प्रत्येक आंकड्याचा एकेक चिमटा. ज्याच्या हातीं चिमटा त्यानेंच यंत्र सुरू करावें, असा दंडक होता. हल्लींच्या २.४ गिगाहर्ट्झच्या यंत्रांत प्रत्येक विमान आपल्याच पेटीचा संदेश ओळखतें, त्यामुळें ती फळी गेली. आमचे यजमान म्हणाले, "अपघात कमी झाले हें खरें. पण त्या फळीमुळें नव्या येणाऱ्याला आधीं चार माणसांशीं बोलावें लागे. तेवढें बरें होतें."

आतां स्कीविषयीं. स्की म्हणजे पुढें नाकाशीं वर वळलेली एक अरुंद, गुळगुळीत पट्टी; ती ॲल्युमिनियमची, प्लायवुडची किंवा प्लॅस्टिकची असते. चाकाच्या आंसावर ती बसवितात. इतकें सोपें असतें तर सांगण्यासारखें कांहीं नव्हतें. पण आंसावर सैल बसलेली पट्टी हवेंत गेल्यावर नाक खालीं करते, वारा तिच्यावर आदळतो, आणि विमानासही ती खालीं ओढूं पाहते. म्हणून पट्टीचें नाक रबरी दोरीनें किंवा स्प्रिंगनें वर ताणून धरतात, आणि तें फाजील वर जाऊं नये म्हणून मागून दुसरी दोरी बांधतात. या दोन दोऱ्यांच्या मध्यें ती किंचित् नाक वर करून राहिली पाहिजे. शेपटीलाही एक छोटी स्की असते. जीं विमानें उन्हाळ्यांत याच तळ्याच्या पाण्यावर उतरतात, त्यांच्या पायांशीं नावेसारखे पोकळ तरंडे असतात; ते तरंडे हिमावरही उत्तम चालतात. त्यामुळें कांहीं सभासद चाकांच्या भानगडींत पडतच नाहींत. सहा महिने पाण्यावरून आणि दोनतीन महिने हिमावरून, एकाच तळ्यावर, एकाच तरंड्यांवर त्यांचा संसार चालतो.

हिम आणि बर्फ यांतील भेद येथें उपयोगी पडतो. ताज्या, खोल हिमांत स्की रुततात, विमानास वेगच घेतां येत नाहीं. म्हणून पट्टी दाबून ठेवावी लागते. उलट उघड्या बर्फावर स्कींस कांहींच धरवत नाहीं. विमान वाऱ्याबरोबर आडवें घसरत जातें, आणि स्कींस ब्रेक नसतो. बर्फावरून उडणारे लोक स्कीच्या तळाशीं एक बारीक उभी कड लावितात, म्हणजे ती रेघ धरून चालते. आणखी एक गंमत अशी कीं, स्की घासून गरम होते, तिच्याखालचें हिम किंचित् वितळतें, आणि विमान दोन मिनिटें उभें राहिलें कीं तेंच पाणी गोठून स्की जागच्या जागीं चिकटते. मग मोटर कितीही फिरवा, विमान हालत नाहीं. शेपटी धरून त्यास हलकेच डोलवावें लागतें. अलास्का व कॅनडा येथें खरीं विमानें स्कीवरून चालविणारे वैमानिक याच कारणास्तव मुक्कामाच्या जागीं स्कीखालीं फळ्या किंवा डहाळ्या घालीत, असें यजमानांनीं सांगितलें. खेळण्यास जो नियम तोच खऱ्या विमानास. निसर्ग आकारमान पाहून सवलत देत नाहीं.

थंडीचा दुसरा मारा बॅटरीवर व बोटांवर होतो. हल्लीं बहुतेक विमानें विजेच्या मोटरीवर चालतात, आणि त्यांची लिथियम बॅटरी थंड झाली कीं तिच्या आंतील रासायनिक क्रिया मंदावते. उन्हाळ्यांत दहा मिनिटें उडविणारी बॅटरी थंडींत सहासात मिनिटांतच धापा टाकूं लागते. यावर उपाय साधा आहे. उड्डाणाच्या क्षणापर्यंत बॅटरी आंतल्या खिशांत, अंगाच्या उबेंत ठेवावयाची. गोठणबिंदूखालीं ती भरावयाची मात्र कधींही नाहीं. त्यानें ती आंतून बिघडते व पुढें पेट घेण्याचाही संभव असतो. बोटांकरितां एक मोठी उबदार पिशवी असते. तिच्या आंत संदेश पाठविण्याची पेटी ठेवून दोन्ही हात बाजूंनीं आंत घालावयाचे. वर पारदर्शक खिडकी असते, तींतून पेटीवरील आंकडे दिसतात. पूजेच्या वेळीं गोमुखींत हात घालून जप करणारे आमचे वडील आम्हांस ती पिशवी पाहून आठवले. एका सभासदाजवळ मात्र जुन्या पद्धतीचें, मिथेनॉलवर चालणारें इंजिन होतें. थंडींत तें इंधन लवकर पेट घेत नाहीं, म्हणून तो तें हातांत धरून ऊब देत होता. अखेर तें सुरू झालें आणि तळ्यावर एक ओळखीचा वास पसरला. या इंधनांत वंगण म्हणून एरंडेल मिसळतात. ज्या वासानें बालपणीं आम्ही घराबाहेर पळत असूं, तो इतक्या दूरदेशीं इतका सुखावह वाटेल असें स्वप्नांतही आलें नव्हतें.

इतक्या अडचणी असतां हे लोक हिंवाळ्यांत उडतातच कां? आम्हीं हा प्रश्न विचारला तेव्हां यजमानांनीं आकाशाकडे बोट केलें आणि म्हणाले, "हवा." या एका शब्दाचा अर्थ जांवयांनीं नंतर गणित मांडून समजावून दिला. थंड हवा दाट असते. वैशाखांत पुण्यास दुपारीं एक घनमीटर हवेचें वजन सुमारें १.०७ किलो भरेल. त्या सकाळीं तळ्यावर तें सुमारें १.३ किलो होतें. पंखाखालीं एक पंचमांश हवा अधिक, म्हणून उचल त्याच प्रमाणांत अधिक. त्यामुळें विमान उतरतांना वेग सुमारें दहाव्या हिश्श्यानें कमी ठेवला तरी चालतो. शिवाय उन्हाळ्यांत तापलेल्या जमिनीवरून ऊन हवेचे लोट उठतात आणि लहान विमानास हेलकावे देतात. हिम सूर्याचा बहुतेक प्रकाश परत पाठवितें, जमीन तापत नाहीं, आणि हवा निवांत असते. ताजें हिम आवाजही गिळतें. त्यामुळें पंख्याची घरघर चटकन् विरते आणि विमान जणूं कांचेवरून सरकत आहे असा भास होतो. नारिंगी व काळ्या रंगाचें, दीडेक मीटर पंखांचें, बाल्सा लांकडाच्या सांगाड्याचें एक विमान पट्टीवरून निघालें, त्याच्या मागें हिमाचा पिंजारलेल्या कापसासारखा फवारा उठला, आणि तो फवारा खालीं बसण्यापूर्वींच तें अधांतरीं होतें. आम्हीं आयुष्यांत विमानें पुष्कळ पाहिलीं, बसलोंही. पण उडणें म्हणजे काय, हें त्या दिवशीं प्रथम डोळ्यांना कळलें.

दुपारीं ढग आले, आणि मग डहाळ्यांचें रहस्य उलगडलें. खालीं पांढरें, वर पांढरें. क्षितिजाची रेघच पुसून गेली. सांवली कोठेंही पडेना. अशा वेळीं विमान हिमापासून दोन हातांवर आहे कीं दहा हातांवर, हें तीक्ष्ण दृष्टीच्या माणसासही सांगतां येत नाहीं. डोळ्यांस माप घेण्यास कांहीं तरी काळें लागतें, म्हणून त्या डहाळ्या. पांढरें विमान अशा आकाशांत दिसेनासें होतें. म्हणूनच येथील विमानांचे रंग लग्नांतील शालूंना लाजवितील असे भडक. तरीही एका तरुणाचा अंदाज चुकला आणि त्याचें विमान नाकावर हिमांत घुसलें. आम्हीं "अरेरे" म्हटलें. पण तो हंसत गेला, विमान उपटून त्यानें झटकलें, पंखा बदलला, आणि अर्ध्या तासानें पुन्हां उडविलें. उन्हाळ्यांत कठीण जमिनीवर तेंच विमान चुरा झालें असतें. शिकणाऱ्यास हिमासारखी क्षमाशील भूमि नाहीं, असें यजमान म्हणाले, आणि नातवाकडे वळले.

शिकविण्याची त्यांची रीत आम्हां जुन्या पंतोजींस फार मननीय वाटली. एकाच विमानाकरितां दोन पेट्या असतात, एक गुरूच्या हातीं, एक शिष्याच्या. विमान उंच नेऊन स्थिर करावयाचें काम गुरूचें. मग तो आपल्या पेटीवरील एक कळ दाबून धरतो, आणि जोंवर ती दाबलेली आहे तोंवर विमान शिष्याच्या हातीं असतें. शिष्य चुकला कीं गुरु कळ सोडतो. त्याच क्षणीं विमान परत गुरूकडे. नातू अवघा नऊ वर्षांचा. विमान आपल्याकडे तोंड करून येऊं लागलें म्हणजे डावें-उजवें उलटें होतें, तेथें तो दोनदां गडबडला. दोन्ही वेळां यजमानांनीं निमूटपणें विमान सांवरलें आणि कांहीं न बोलतां पुन्हां त्याच्या हातीं दिलें. तिसऱ्या खेपेस त्यानें तळ्याभोंवतीं पुरा फेरा घातला. खालीं उतरल्यावर आमच्या लक्षांत आलें कीं, यजमानांच्या हातांस वार्धक्याचा कंप आहे. ते म्हणाले, "आतां मी स्वतः थोडेंच उडवितों. कळ धरून ठेवण्यापुरता हात स्थिर आहे, तेवढा पुरे." सदतीस वर्षें आम्हीं रूपें आणि संधि घोकून घेतले. शिष्याच्या हातीं संपूर्ण विमान द्यावें, बोट मात्र कळीवर असावें, आणि चुकीबद्दल शब्द बोलूं नये, हा शिक्षणाचा सारांश आम्हांस तळ्याच्या बर्फावर पुन्हां एकदां पाहावयास मिळाला.

दुपारच्या जेवणास घेवड्याच्या दाण्यांची तिखट उसळ होती. मांस घातलेलें भांडें वेगळें आणि बिनमांसाचें वेगळें, दोहोंवर चिठ्ठ्या लाविलेल्या. आमच्यासारख्यांची सोय त्यांनीं न सांगतां केली होती. आम्हीं बाळंतिणीकरितां केलेल्या डिंकाच्या लाडवांपैकीं डबाभर बरोबर नेले होते. हा पदार्थ थंडीवरील औषध आहे असें सांगतांच डबा रिकामा झाला. बोलतां बोलतां यजमानांनीं विचारलें, "तुमच्याकडे हिंवाळ्यांत काय करतां?" आम्ही म्हणालों, "आमच्याकडे हिंवाळा हाच सुखाचा काळ. उन्हाळ्यांत मात्र दुपारीं दारें लावून घरांत बसतों." ते मनापासून हंसले. "मग आपण सारखेच. दार लावण्याचा ऋतु तेवढा वेगळा."

खेळ असला तरी तो बेबंद नाहीं. अमेरिकेच्या विमानवाहतूक खात्याचा नियम असा कीं, २५० ग्रॅमपेक्षां जड विमान असल्यास नांवनोंदणी करून नोंदणीचा क्रमांक विमानावर लिहावा, एक लहानशी सुरक्षा-परीक्षा द्यावी, विमान नजरेच्या टप्प्यांत ठेवावें, आणि मोकळ्या क्षेत्रांत ४०० फुटांहून वर नेऊं नये. दूरवरून खरें विमान येतांना दिसलें कीं सर्वांनीं आपलीं विमानें खालीं आणलीं. कोणास सांगावें लागलें नाहीं.

परंतु या आनंदांत एक कांटा आहे, तो सांगितल्यावांचून हें वर्णन पुरें होणार नाहीं. २०२४ सालीं या तळ्यावर मेळावा भरलाच नाहीं. २०२३-२४ चा हिंवाळा मिनेसोटांत नोंदी ठेवूं लागल्यापासूनचा सर्वांत उबदार ठरला. हिम पडलें नाहीं असेंच म्हणावें, आणि बर्फावर पाऊल टाकण्याची कोणाची छाती झाली नाहीं. एक वर्ष कमी-अधिक होणारच, असें म्हणतां येईल. पण त्या राज्यांतील तळ्यांवरचा बर्फाचा काळ गेल्या पन्नास वर्षांत सरासरीनें १० ते १४ दिवसांनीं घटला आहे, असें तेथील सरकारी नोंदी सांगतात. ज्या पट्टीवरून हीं विमानें उडतात ती कोणी बांधलेली नाहीं. ती थंडीनें दिलेली आहे, आणि थंडीच ती हळूहळू परत घेत आहे. मंडळांत केस पांढरे न झालेले सभासदही थोडेच दिसले. शिकविणारे हात थकत चालले आहेत आणि ज्या क्षमाशील भूमीवर शिकवावयाचें तीही पातळ होत आहे. दोन्ही गोष्टी यजमानांस पूर्णपणें ठाऊक आहेत. म्हणूनच, आमचा समज असा कीं, त्या दिवशीं त्यांनीं स्वतः एकही विमान उडविलें नाहीं आणि सारा वेळ मुलांबरोबर घालविला.

आपल्याकडे हिम नाहीं म्हणून हा खेळ आपल्यासाठीं नव्हे, असें कोणी समजूं नये. राष्ट्रीय छात्रसेनेच्या हवाई शाखेंत मुलांमुलींस अशीं विमानें बांधावयास शिकवितात, आणि २०२१ च्या ड्रोन नियमांत शिक्षणाकरितां व करमणुकीकरितां उडविलेल्या अशा लहान विमानांचा स्वतंत्र उल्लेख आहे. ज्या घरांत संक्रांतीस मुलें गच्चीवर मांजा धरतात, त्या घरांतील आजोबांनीं बाल्सा लांकूड व डिंक आणून दिला तर मार्गशीर्षाच्या शांत सकाळीं एखादें मैदान मिळणें अशक्य नाहीं.

ज्यांचीं मुलें त्या थंड मुलखांत आहेत, त्यांस मात्र आमचें विशेष सांगणें आहे. एकदां तरी हिंवाळ्यांत जावें. आपलीं मुलें व नातवंडें वर्षांतील पांच महिने ज्या ऋतूंत राहतात, तो ऋतु न पाहतां त्यांचें जीवन पाहिलें असें म्हणतां येत नाहीं. बाहेर पडावें तें जाणत्या माणसाच्या सोबतीनें. बर्फावर पाऊल टाकण्यापूर्वीं तो कोणीं मोजला आहे, हें विचारावें. पायांत लोंकरी मोजे दोन घालावे. डिंकाचे लाडू नेल्यास कोणाशींही ओळख होण्यास अडचण पडत नाहीं. आणि माकडटोपी न्यावयास लाजूं नये.